देवाच्या डब्यातला पिक्चर

मोहाची फुलं वाळत घातली की दुसऱ्याच दिवशी त्यांचा रंग उतरतो. आज लोण्याच्या गोळ्यासारखी, उद्या मनुक्यासारखी. वासाचं मात्र उलटं असतं. फूल जितकं सुकतं तितका वास चढतो. चैत्रात माहेरी आले की अंगणात आधी तो वास भेटतो, मग माणसं.

माझं सासर दवनीवाड्याच्या बाजूला. तिकडे सगळा धान, मोहाचं झाड असलं तर बांधावर एखादं. माहेर देवरीच्या पुढे, जंगलाला लागून. म्हणून दरवर्षी या दिवसांत मी आठ-दहा दिवस इकडे येते. फुलं वेचते, वाळवते, थोडी सोबत नेते. आता माय नाही, बाबा नाहीत. दादा आहे. दोन वर्षं झाली, दादाचे डोळे गेले. उजेड आहे की अंधार एवढंच त्याला कळतं. दिवसभर तो पडवीत खाटेवर असतो आणि अंगणातून कोण चाललं ते पावलांवरून सांगतो. मला तो फाटकावरूनच ओळखतो, कारण मी फाटक वाजू देत नाही.

"आली पाय, चोर," तो म्हणतो.

परवा दुपारी मी सुपात फुलं घेऊन काडीकचरा काढत होते. वहिनी शेतावर गेली होती. दादाची धाकटी मुलगी रोशनी माझ्याजवळ मोबाइल घेऊन बसली होती. ती गोंदियाला कॉलेजात शिकते, सुटीला आली आहे. तिच्या बोटाखाली चित्रं सरकत होती, एक आलं की दुसरं. मी मधूनमधून पाहत होते. पाहता पाहता एक चित्र आलं आणि माझा हात थांबला.

एक लांब लाकडी टेबल. त्यावर सहा पेले ओळीनं. टेबलामागे एक किडकिडीत गोरा माणूस, बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या. त्यानं बाटली उचलली आणि मध्ये न थांबता, एकाच धारेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत सहाही पेले भरून टाकले.

"थांब वं," मी म्हणाले. "मागं घे."

रोशनीनं माझ्याकडे पाहिलं. मी कुणाला थांब म्हणत नाही.

"काय झालं?" दादानं खाटेवरून विचारलं.

"दादा, तो पिक्चर आहे. आपला. देवाच्या डब्यातला."

दादा उठूनच बसला. "सहा गिलासवाला?"

"तोच."

"जिंदा आहे का तो अजून! लाव वं रोशनी, पूरा लाव. पयल्यापासून. आवाज वाढव."

*

तो पिक्चर पाहिला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते. चौथीनंतर शाळा सुटली होती. दादा वीसचा, दहावीला दोनदा बसलेला, दोन्ही वेळा इंग्रजीत राहिलेला.

बाबांची थोडी धानाची शेती होती. पण गाव त्यांना ओळखायचं ते त्यांच्या हातासाठी. मोहाची दारू काढावी तर बाबांनी. खाली मडकं, त्यात आंबलेली फुलं, वर दुसरं मडकं, सांध्याला ओली माती, बाजूला बांबूची नळी. बाबा नळीशी कान नेऊन ऐकायचे. आत काय चाललंय ते त्यांना आवाजावरून कळायचं. विकत त्यांनी कधी दिली नाही. लग्नात, मयतीला, नवीन धान घरात आला तेव्हा लोक त्यांना बोलावून न्यायचे आणि वाढायलाही तेच लागायचे. डाव्या हातात पळसाच्या पानाचा दोना कमरेशी, उजव्या हातात मडकं खांद्याच्या वर. एवढ्या उंचीवरून दोऱ्यासारखी धार खाली यायची आणि दोन्याच्या काठाला लागून थांबायची. बाजूला एक शिंतोडा नाही. माणसं ती पाहायलाच आधी गोळा व्हायची.

एक गोष्ट मात्र ते कुणालाही चुकवू देत नसत. दोना हातात आला की आधी बोट बुडवून जमिनीवर थेंब द्यायचा, मग तोंडाला लावायचा. पाहुणा घाईत असला तर बाबा त्याचं मनगट धरायचे. "धरतीचं फूल हाये. पयले तिले पिऊ दे, मंग तू पे."

दुसऱ्यांना वाढता वाढता ते स्वतः किती पीत गेले ते मी लिहीत नाही. ते कुणाला मारत नव्हते, शिवी देत नव्हते. फक्त बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर झोपून जायचे, आणि माय आणि मी त्यांना दोन बाजूंनी धरून आणायचो. त्यांच्या सदऱ्याला तेव्हा जो वास यायचा तोच आज या सुपातून येतो. मला तो वास आवडतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

एका महाशिवरात्रीला महादेवाच्या डोंगरीवर बाबांनी दारू सोडली. पिंडीसमोर दादाला बसवलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा तोंडाले लावली तं या पोराचं भलं नाही होनार." मायनं ते ऐकलं आणि तिथल्या तिथे स्वतःचा नवस बोलली. रामनवमीपर्यंत यांनी निभावलं तर अख्ख्या मोहल्ल्याला देवाचा पिक्चर दाखवीन. तेव्हा तसे नवस असत. कुणी सत्यनारायण बोलायचं, कुणी व्हिडिओ.

महाशिवरात्र ते रामनवमी म्हणजे नेमके मोहाचे दिवस. यापेक्षा कठीण महिना बाबांना शोधून सापडला नसता. झाडाखाली फुलं, अंगणात फुलं, छपरावर फुलं, गुरांच्या तोंडात फुलं. बाबा जेवायला बसले की माय पाणी द्यायच्या निमित्तानं त्यांच्या तोंडाजवळ वाकायची आणि हळूच श्वास घ्यायची. बाबांना ते कळायचं. ते मुद्दाम तोंड उघडून "हाऽऽ" करायचे.

"घे. पाय चांगलं. भेटलं का काही?"

"मी कायले पाहू? पानी देऊन राहिली."

"पानी देते का तपासनी करते?"

दोघंही हसायची. ते हसणं मला आठवतं. तसं आमच्या घरात फार दिवसांनी ऐकू आलं होतं.

*

रामनवमीच्या आदल्या दिवशी दादा गोंदियाहून टीव्ही आणि व्हिडिओची मशीन घेऊन बसनं आला. टीव्ही गोधडीत बांधून मांडीवर, जसं तान्हं मूल आणावं तसा. पिक्चर दिवसाच दाखवायचा होता, कारण संध्याकाळी लाईन जायची. मायनं खोली शेणानं सारवली. खिडक्यांना धानाची रिकामी पोती टांगली. आत अंधार झाला आणि पोत्यांच्या विणीतून उन्हाचे बारीक ठिपके भिंतीवर पडले. टीव्हीपुढे रांगोळी घातली, त्याच्या कपाळाला, म्हणजे काचेच्या वरच्या लाकडाला, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. कॅसेटच्या डब्यावर राम, सीता, लक्ष्मण होते. डबा पाटावर ठेवून त्यालाही कुंकू लावलं. नारळ फोडला. बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या, माणसं मागे भिंतीला टेकून. सगळ्यात पुढे यजमान म्हणून बाबा. मायनं मला त्यांच्या बाजूला बसवलं आणि कानात म्हणाली, "बाबाकडं लक्ष ठेवजो." का ते तिनं सांगितलं नाही. पिक्चरमध्ये तर देव येणार होते. पण तिची सवयच तशी झाली होती.

दादानं बटण दाबलं. आधी मुंग्या आल्या, मग समुद्र.

सगळ्यांनी हात जोडले.

"हा लंकेचा समुद्र होय," शेजारच्या भागरथाकाकू म्हणाल्या. काकू विधवा होत्या, वयानं मायपेक्षा मोठ्या, आणि त्यांना माहीत नाही अशी गोष्ट गावात नव्हती. "आता पूल बांधतीन."

पूल कुणी बांधला नाही. पाऊस पडत होता. त्या पावसातून कोट घातलेला एक किडकिडीत माणूस आला, त्यानं एका दुकानाचं कुलूप काढलं, आत शिरला, बाह्या चढवल्या. मागे भिंतभर बाटल्या. त्यानं टेबलावर सहा पेले मांडले आणि एका धारेत भरले.

सगळ्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. दादानं डबा उचलून पाहिला. वर राम, सीता, लक्ष्मणच होते. आत दुकानवाल्यानं दुसरीच कॅसेट घातली होती.

माय उभी राहिली. मग बसली. मला तिची अडचण कळली. बंद करावा, तर नारळ फुटलेला. नवसाची पोथी अर्ध्यात मिटायची नसते, तसाच नवसाचा पिक्चर. अर्ध्यात मोडला आणि त्याचं उद्या बाबांच्या शपथेला काही लागलं तर? आणि चालू ठेवावा, तर समोर बाबा, आणि त्यांच्यासमोर भिंतभर बाटल्या.

"हा कोन होय रे?" भागरथाकाकूंनी विचारलं.

दादानं मायकडे पाहिलं, बाबांच्या पाठीकडे पाहिलं. घसा खाकरला.

"वैद्य," तो म्हणाला. "लय मोठा वैद्य आहे हा, काकू. इंग्रजीत सांगून राहिला, मले समजते."

"अना हे काय वाटून राहिला?"

"काढा."

"येवढ्या लोकाईले? कोनता रोग होय?"

"सर्दी. समुद्राजवळ राहतेत ना ते."

मागून कुणीतरी फुसकन हसलं. त्याला कुणीतरी कोपर मारलं. आणि मग ती सगळी माणसं, ज्यांनी बाबांच्या हातचे दोने रिकामे केले होते, एकजात गंभीर चेहऱ्यानं काढा पाहू लागली.

दादाला एकदा वाट सापडली आणि तो सुटलाच. पिक्चरमधली माणसं गाऊ लागली, तर काढा कडू आहे, तोंडाची चव जावी म्हणून गातात. एकजण धडपडत भिंतीला आपटला, तर ताप डोक्यात गेला. लाल कोटातली एक बाई आली आणि त्या माणसानं तिला जवळ घेतलं. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"आता काय करून राहिला तुहा वैद्य?" काकू.

"नाडी पाहून राहिला."

"तोंडानं?"

त्या वेळी खोली हसली ती इतकी की भिंतीवरचे उन्हाचे ठिपके हलल्यासारखे वाटले. मायसुद्धा हसली. मी हसले नाही, कारण मी बाबांकडे पाहत होते. बाबा हसत नव्हते. चिडलेही नव्हते. ते पडद्यावरच्या त्या माणसाच्या हातांकडे पाहत होते, जसा सुतार दुसऱ्या सुताराचा रंधा पाहतो. तो माणूस बाटली तिरपी करायचा तेव्हा बाबांचा उजवा अंगठा गुडघ्यावर हळूच वळायचा.

पिक्चरमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर रोज एक म्हातारा बसायचा. वैद्याचा गुरू, दादा म्हणाला. तो म्हातारा आजारी पडला आणि तेवढ्यात मशीननं कॅसेट खाल्ली. घर्र आवाज, मग पांढऱ्या रेघा. दादानं कॅसेट काढली, तपकिरी फीत बाहेर लोंबत होती, ती पेन्सिल घालून फिरवून फिरवून आत घेतली. पुन्हा लावला तेव्हा मधला तुकडा गेला होता. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती आणि तो माणूस एकटाच पेले पुसत होता.

"म्हातारा कुठं गेला?"

"काशीले," दादा म्हणाला.

शेवटी त्या माणसानं खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या, दिवा मालवला आणि समुद्राकडे पाहत उभा राहिला. संपला. मायनं आरती केली. सुंठवडा वाटला. सुंठीच्या आणि सारवलेल्या जमिनीच्या वासात लोक उठले.

"दादू," दारात चपला शोधताना काकू म्हणाल्या, "राम कवा आला रे?"

"मधात आला होता, काकू. कॅसेट फसली ना, तवा."

सगळे गेल्यावर बाबा पाटावरून उठले. दिवसभरात ते तेवढंच बोलले, आणि दादाकडे न पाहता बोलले.

"हाताचा चांगला आहे पोट्टा. पन धरतीले थेंब नाही देला त्यानं. म्हनूनच एकटा राहिला."

दादानं मान खाली घातली. माय सुंठवड्याची ताटली घेऊन तशीच उभी राहिली.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टोपली घेऊन फुलं वेचायला गेले. मोह पहाटेच गळतो. आधी एकदोन, मग टपटप, जणू झाडावर बसून कुणी हळूहळू माळ तोडतं आहे. आमचं मोठं झाड बोडीच्या पलीकडे होतं. त्याच्या बुडाशी बाबा उकिडवे बसले होते.

त्यांनी मुळाजवळची माती हातानं उकरली. आतून बाटली काढली. शपथेच्या आधीची असणार. पळसाचं पान तोडलं, काडीनं टाचून दोना केला. बाटलीतून दोन्यात ओतलं, आणि ती ओतण्याची पद्धत तीच, हात खांद्याच्या वर. शिंतोडा नाही. बोट बुडवून तीन थेंब जमिनीवर दिले. मग दोना तोंडाला लावला आणि पूर्ण प्याले.

मी टोपली कमरेवर घेऊन उभी होते. हाक मारता आली असती. "बाबा" एवढंच म्हणायचं होतं. पण माझा आवाज तेव्हाही असा होता की लागतो तेव्हा येत नाही.

त्यांनी मान वळवली आणि मला पाहिलं. आम्ही दोघं किती वेळ एकमेकांकडे पाहत होतो ते सांगता येणार नाही. मध्ये फुलं पडत होती. मग त्यांनी बाटलीला बूच लावलं, ती खड्ड्यात ठेवली, वर माती लोटली, मातीवर पाला.

"येच पोरी," ते म्हणाले. "ऊन चढते."

मी वेचू लागले. तेही माझ्याबरोबर वेचू लागले.

त्यानंतर पुढची तीन वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, मी त्या झाडाखाली गेले की आधी ती जागा पाहायचे. पाला तसाच असायचा. एका पावसाळ्यानंतर तिथे गवतही उगवलं. बाबा पुन्हा कधी प्याले नाहीत. हे मला कुणापेक्षाही जास्त माहीत आहे, कारण पहारा माझा होता.

पण तो एक दोना होता. माय मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली, "महाशिवरात्रीपासून थेंब नाही. नवसाचा पिक्चर लावला ना मी." ती असं म्हणायची तेव्हा बाबा बाहेर निघून जायचे आणि मी चुलीत फुंकर घालायचे. मी मायला सांगितलं नाही. दादाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. आणि दादाचं सगळं चांगलं चाललं होतं, लग्न झालं, मुलं झाली, शेत वाढलं, म्हणून मीही हळूहळू विसरल्यासारखी झाले.

मग दादाच्या डोळ्यांपुढे काळे धागे येऊ लागले. मग धुकं. मग एक डोळा, मग दुसरा. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखर डोळ्यांत उतरली. मला ते समजलं. मी अडाणी नाही. साखर काय असते, ती काय करते, हे मी दवाखान्यात बसून ऐकलं आहे. तरी दोन वर्षं झाली, दादाला हात धरून अंगणात नेताना मला एकच गोष्ट आठवते. शपथ याच्या डोक्यावर होती. ती मोडताना मी पाहिली, आणि एक हाक मारली नाही.

*

रोशनीनं पिक्चर पहिल्यापासून लावला. आता तो हिंदीत बोलत होता. मोबाइल तिच्या हातात, मी बाजूला, आणि दादा खाटेवर पुढे वाकून.

"समुद्र आला का?"

"आला."

"लंकेचा," दादा म्हणाला आणि एकटाच हसला.

खरं सांगायचं तर पिक्चर काही चांगला नाही. त्या वेळी कळलं नव्हतं. पाऊस रस्त्याच्या एकाच बाजूला पडतो, दुसरी बाजू कोरडी दिसते. त्या माणसाची दाढी एका खोलीत असते आणि दार ओलांडलं की नसते. लाल कोटातली बाई मध्येच नाहीशी होते, बऱ्याच वेळानं येते आणि तिला कुणी विचारत नाही की बाई, इतके दिवस होतीस कुठे? गाणी लांब आहेत. हिंदी आवाज त्याच्या ओठांना बसत नाही. दादाचा काढा जास्त बसला होता.

"आत्या, किती बोअर आहे," रोशनी म्हणाली. "हे तुम्ही पूर्ण पाहिलं होतं?"

"हात जोडून," मी म्हणाले.

गोष्ट इतकीच होती की त्या माणसाचा बाप वारला आणि त्याचं दारूचं दुकान त्याच्याकडे आलं. त्याला ते नको होतं. ते बंद करावं की चालवावं, एवढ्यावर सगळा पिक्चर. म्हणजे त्याचे हात बापाचे होते. हे मला परवा कळलं.

मग तो तुकडा आला, जो मशीननं खाल्ला होता.

कोपऱ्यातला म्हातारा मरतो. काशीला जात नाही. रात्रभर पाऊस पडतो आणि सकाळी तो माणूस दुकान उघडतो. म्हाताऱ्याचा पेला काढतो, पुसतो, त्यात ओततो. उचलतो. आणि तोंडाला लावायच्या आधी पेला तिरपा करतो आणि थोडीशी दारू खाली फरशीवर सांडतो. चुकून नाही. सावकाश. मग पितो.

"रोशनी," मी म्हणाले, "बंद कर जराशी. चहा ठेव जाय तुह्या बाबासाठी. बिनसाखरेचा."

ती आत गेली. अंगणात फुलं वाळत होती.

"काऊन बंद केला?" दादानं विचारलं. "काय झालं, बाई?"

"दादा, त्यानं थेंब दिला."

"कोनं?"

"त्या वैद्यानं. कॅसेट फसली होती ना, तिथं. खाली दिला थेंब. मंग प्याला. बाबाले दिसलाच नाही तो."

दादानं तोंड माझ्याकडे वळवलं. त्याचे डोळे उघडे होते, माझ्या जरा डावीकडे पाहत होते.

"अना दादा," मी म्हणाले, आणि माझा आवाज आला. कसा आला माहीत नाही, पण आला. बोडीच्या पलीकडचं झाड, बुडातली बाटली, पळसाचा दोना, कमरेवरची टोपली, सगळं सांगितलं. एक दोना, म्हटलं. एकच. पण शपथेनंतरचा. अना मी हाक नाही मारली.

सांगून झालं तेव्हा माझे हात सुपातल्या फुलांत होते आणि बोटं चिकट झाली होती.

दादानं खाटेच्या काठावर हात फिरवत फिरवत माझं डोकं शोधलं. आधी कान लागला, मग डोकं. तिथे त्याचा हात थांबला.

"बह्याड झाली का तू? इतके वर्स हे घेऊन बसली?"

मी बोटाला चिकटलेलं फूल सोडवत राहिले.

"माहे डोळे साखरेनं गेले, बाई. आपल्या बाबाच्या दोन्यानं नाही. गोळ्या कोनं नाही खाल्ल्या? मी नाही खाल्ल्या. लग्नात जिलबी कोनं हाणली? मीच ना?"

"मले मालूम आहे."

"मंग?"

"मालूम आहे, तरी."

आतून कपबशीचा आवाज आला. दादाचा हात माझ्या डोक्यावरच होता. तो काहीतरी मनात जुळवत होता, हे मला त्याच्या बोटांवरून कळत होतं. मग त्यानं विचारलं, अगदी बाबांच्या आवाजात विचारलं,

"तोंडाले लावाच्या पयले, धरतीले थेंब देला होता का त्यानं?"

"देला होता. तीन."

"तू पायला?"

"म्या पायला."

"मंग झालं तं," दादा म्हणाला.

त्यानं हात काढून घेतला, पाठ खांबाला टेकवली. रोशनी चहा घेऊन आली. दादानं कप हातात घेतला, त्याचा वास घेतला, तोंड वाकडं केलं.

"हाच खरा काढा होय," तो म्हणाला. "लाव वं पोरी पुढचा. अना बाई, तू सांगत राय. काय करून राहिला आता तो?"

मी मोबाइल जवळ ओढला आणि मोठ्यानं सांगू लागले.